केसपेपर कुणाच्या नावाचा?

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत ‘व्यसन आणि कुटुंब’ या विषयावर चिकित्सा मानसशास्त्रज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्यसनमुक्तीवर बोलायचे म्हटले की व्यसनी माणसाबद्दल बोलणे होईल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी आज त्याच्या घरातील माणसांबद्दल बोलणार आहे. बाह्यरुग्ण विभागात एखादी पत्नी किंवा आई एकटीच येते. ‘ते यायला तयार नाहीत,’ असे हलक्या आवाजात सांगते. बहुतेक ठिकाणी तिला उत्तर मिळते, ‘त्यांना घेऊन या, मग पाहू.’ केसपेपर त्यांच्या नावाचा निघायचा असतो. ते आले नाहीत तर तो निघतच नाही आणि ती बाई आल्या पावली परत जाते.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. मद्यावर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. उरलेल्या ३७ जणांच्या घरी आई आहे, पत्नी आहे, मुले आहेत. त्यांनी कोणाच्या दारात जायचे?

या प्रश्नावर आयुष्यभर काम केलेले ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ म्हणजे जिम ऑरफर्ड. १९७७ साली मनोविकारतज्ज्ञ ग्रिफिथ एडवर्ड्स, ऑरफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मद्याच्या आहारी गेलेल्या १०० विवाहित पुरुषांचे दोन गट केले होते. एका गटाला त्या काळी उपलब्ध असलेले सर्व उपचार देण्यात आले. दुसऱ्या गटातील पुरुषाला, पत्नीच्या उपस्थितीत, एकदाच नीट समजावून सल्ला देण्यात आला. वर्षाअखेर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते होणे योग्यच होते. गंभीर रुग्णाला केवळ सल्ला पुरतो, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. पण याच रुग्णांच्या संसारांचा अभ्यास करताना ऑरफर्ड यांना असे दिसले, की ज्या घरांत पतिपत्नींमधील जिव्हाळा अजून शिल्लक होता, तेथील पुरुषांची पुढील वाटचाल अधिक बरी झाली. घराकडे लक्ष वेधणारा हा धागा त्यांनी नंतर सोडला नाही.

त्यापूर्वी घराकडे लक्ष जात नव्हते असे नाही. जात होते, पण आरोपीकडे जावे तसे. १९५३ साली थेल्मा व्हेलन या अमेरिकन समाजकार्यकर्तीने मद्यपींच्या पत्नींचे चार प्रकार पाडले होते : सोसणारी, हुकमत गाजवणारी, दोलायमान आणि शिक्षा करणारी. पतीच्या व्यसनाची मुळे जणू पत्नीच्या स्वभावातच होती. पुढच्याच वर्षी जोन जॅक्सन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अशा पत्नींच्या गटात प्रत्यक्ष बसून दाखवून दिले, की या स्त्रियांचे वागणे हे संकटात सापडलेल्या कोणत्याही सामान्य माणसाचे वागणे आहे. सत्तर वर्षे उलटली, तरी ‘घरी सुख असते तर तो कशाला प्यायला असता’ हे वाक्य आपल्याकडे अजून ऐकू येते, आणि ते बहुधा सासरच्या माणसांकडून येते.

ऑरफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको शहर, नैर्ऋत्य इंग्लंड आणि उत्तर ऑस्ट्रेलियातील आदिवासी वस्त्या अशा तीन अगदी वेगळ्या समाजांतील नातेवाइकांशी दीर्घ संवाद साधला. रीतिरिवाज निराळे असले तरी मूळ अनुभव सारखाच निघाला. पैशाची ओढाताण, तो रात्री केव्हा आणि कसा येईल याची धास्ती, नातलगांपासून लपवाछपवी, आणि या सर्वांतून उद्भवणारे निद्रानाश, उदासी व शरीराचे दुखणे. नातेवाईक या ताणाला तीन तऱ्हांनी तोंड देतात, असे त्यांनी मांडले. कोणी सोसतो, कोणी समोर उभा राहून बदल घडवू पाहतो, कोणी थोडा अलग होऊन स्वतःचे आयुष्य सावरतो. यांतील एकच तऱ्हा योग्य असे त्यांनी म्हटले नाही, हे मला विशेष मोलाचे वाटते. पदरी लहान मुले आणि माहेरचे दार बंद असलेल्या स्त्रीला ‘सोडून दे’ असा सल्ला देणे फार सोपे असते. सल्ला देणारा सायंकाळी आपल्या घरी जातो.

या विचारातून त्यांनी पाच पायऱ्यांची एक पद्धत तयार केली. प्रथम नातेवाइकाचे म्हणणे शांतपणे ऐकायचे. मग त्याला आवश्यक तेवढी अचूक माहिती द्यायची. तो कसे तोंड देत आहे याचे फायदेतोटे त्याच्याबरोबर तपासायचे. आधार देणारी माणसे कोण, ते शोधायचे. आणि शेवटी आणखी कोणती मदत लागेल ते पाहायचे. व्यसनी माणूस उपचाराला आलेला असो वा नसो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इंग्लंडमधील १४३ नातेवाईक होते. काहींना या पद्धतीने पाच भेटींपर्यंत मदत मिळाली, काहींना एकच भेट आणि एक पुस्तिका. दोन्ही गटांचा त्रास जवळपास सारखाच कमी झाला.

अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठातील विल्यम मिलर व रॉबर्ट मायर्स यांनी थोडा निराळा प्रश्न विचारला. नातेवाइकाच्या मार्फत उपचार नाकारणाऱ्याला उपचारापर्यंत आणता येईल का? १९९९ च्या त्यांच्या अभ्यासात १३० नातेवाईक होते. अल-अ‍ॅनॉन या स्वमदत गटाच्या विचारानुसार मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी १३ टक्क्यांच्या घरचा माणूस उपचाराला आला. सर्वांनी मिळून त्याला अचानक घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते, तर मायर्स यांच्या प्रशिक्षणात ६४ टक्के. अल-अ‍ॅनॉनवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, व्यसनी माणसाला उपचाराला आणणे हा त्या गटाचा उद्देशच नाही. नातेवाइकाची मनःशांती हा आहे. आणि तिन्ही गटांतील नातेवाइकांची स्वतःची स्थिती सारखीच सुधारली.

मायर्स यांच्या प्रशिक्षणात शिकवतात तरी काय? तो केव्हा, कोणाबरोबर, कशानंतर पितो याची नोंद ठेवायची. तो शुद्धीत असताना त्याच्याजवळ बसायचे, आवडीचे जेवण त्या दिवशी करायचे. पिऊन आला तर भांडण न करता बाजूला व्हायचे. त्याच्या कार्यालयात ‘ताप आहे’ असा फोन आपण करायचा नाही. त्याच्या कृतीचे परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचू द्यायचे. त्याला स्वतःलाच पश्चात्ताप होतो अशी वेळ हेरून उपचाराचा विषय काढायचा, आणि तो ‘हो’ म्हणाला तर त्याला लगेच दाखल करून घेण्याची सोय तयार ठेवायची. घरात मारहाण होत असेल, तर मात्र आधी सुरक्षिततेचा विचार करायचा.

येथे कुटुंबीयांना दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून चहातून, भाजीतून औषध देऊ नका. डायसल्फिराम पोटात असताना मद्य घेतले तर रक्तदाब एकाएकी खाली जाऊन प्राणावर बेतू शकते. दुसरे, रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम बंद करू नका. झटके येतात, भ्रम होतो. त्याला डॉक्टरांकडे आणा.

हे सर्व परदेशी आहे असे वाटायला नको. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे ‘सहचरी’ हा पत्नींचा स्वतंत्र गट आहे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकरवी ऑरफर्ड यांची पाच पायऱ्यांची पद्धत नातेवाइकांसाठी वापरून पाहिली. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधर असण्याचीही अट नव्हती. असेच समुपदेशक मद्यपींनाही कितपत मदत करू शकतात, हे त्या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ३७७ पुरुषांच्या अभ्यासात तपासले होते. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी २६ टक्के पुरुषांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले होते.

म्हणून विश्वस्तांकडे आणि देणगीदारांकडे माझे मागणे लहान आहे. यंत्रसामग्री नको. आठवड्यातून एक दुपार, दार लावता येईल अशी एक खोली, आणि प्रशिक्षण घेतलेल्या दोन कार्यकर्त्या हव्यात. येणाऱ्या आईला, पत्नीला, कधी वडिलांना किंवा भावाला, नोंदणीच्या खिडकीवर त्यांच्या स्वतःच्या नावाचा केसपेपर मिळावा. त्यावर त्यांच्या झोपेची, भुकेची, डोकेदुखीची नोंद व्हावी, आणि घरचा माणूस आला नाही तरी त्यांची पुढची तारीख लिहिली जावी.