पुढली तारीख



व्यक्तिस्वातंत्र्याचा लोप हा विषय निघाला की पाश्चात्त्य चित्रपटांकडे बोट दाखविण्याची आपल्याला सवय आहे. ऑर्सन वेल्सने १९६२ साली काफ्काच्या कादंबरीवरून ‘द ट्रायल’ काढला. अंथरुणात असलेल्या माणसाला सकाळीच सांगण्यात येते की, तुला अटक झाली आहे. गुन्हा कोणता, ते शेवटपर्यंत कळत नाही. त्यातल्या कचेऱ्यांसाठी वेल्सने पॅरिसचे एक ओस पडलेले रेल्वे स्थानक वापरले. पाहणारा दडपून जातो, आणि घरी जाताना म्हणतो, आपल्याकडे असे काही नाही बुवा!

आपल्याकडे काय आहे, ते चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने दाखविले. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरविला गेला. त्यात नारायण कांबळे नावाच्या वृद्ध शाहिराला भर कार्यक्रमातून पकडून नेतात. ही भूमिका आपल्या नागपूरच्या वीरा साथीदारांनी केली. चळवळीतला माणूस, १३ एप्रिल २०२१ रोजी करोनाने गेला. शाहिरावर आरोप असा की, त्याचे गाणे ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. आणि त्या कामगाराची विधवा साक्षीत काय सांगते? नवऱ्याजवळ संरक्षणाचे साधन कसलेच नव्हते. झुरळे बाहेर आली म्हणजे आत उतरायला हरकत नाही, एवढीच त्याची परीक्षा. घाण सोसावी म्हणून तो आधी दारू पिई. बाई इतके बोलल्यावर खटला तेथेच संपावा की नाही? पुढली तारीख पडते.

या चित्रपटात दुष्ट कोण, ते मी शोधून पाहिले. सरकारी वकीलबाई लोकलने घरी जातात, वाटेत मुलाला घेतात, स्वयंपाक करतात. न्यायाधीश सहसा आवाज चढवीत नाहीत. मात्र बिनबाह्यांचा पोशाख केलेल्या स्त्रीचे प्रकरण त्या दिवशी ऐकत नाहीत. शेजारपाजारचीच ही माणसे. काफ्काच्या कचेरीचे भय वाटते, ह्यांची ओळख पटते. मला दुसरे अधिक भयंकर वाटले.

राज्यघटनेचा २१वा अनुच्छेद सांगतो की, कायद्याने ठरविलेल्या रीतीखेरीज कोणाचे स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. येथे रीत अक्षरशः पाळली जाते. शाहिराला एक लाखाच्या जामिनावर सोडतात; तो पुन्हा गातो, आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली पुन्हा आत जातो. प्रकृती ढासळलेली. वकील विनवितो. पण आपल्या व्याख्यानमाला उरकतात त्याच सुमारास न्यायालयांना उन्हाळी सुटी लागते! उच्च न्यायालयात जा, असे सांगून न्यायाधीश उठतात. एकेक दिवा मालवला जातो, आणि कॅमेरा त्या रिकाम्या अंधारात तसाच उभा राहतो.

पुढे न्यायाधीश कुटुंबासह सहलीला गेलेले दिसतात. बाकावर डुलकी लागलेली असते. मुले ओरडून त्यांना दचकवितात. ते एकाच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. चित्रपट तेथे संपतो.