पाणी अडवा, माशाची वाट अडवू नका
(सोयगाव येथील बैठकीतील भाषण)



बैठक कपाशी-ज्वारीवाल्यांची आणि भाषण माशांवर! आमच्यातले माळकरी हसतील. हसा, पण ऐका.

अजिंठ्याच्या डोंगरातली वाघूर फर्दापूरवरून तापीकडे जाते. मृगाचे पहिले लोंढे आले की डोहातले लहान मासे अंडी घालायला वरच्या नाल्यांकडे निघतात. हे चढणीचे मासे. गरिबाच्या भाकरीबरोबरचे फुकटचे कालवण.

आज नाल्यानाल्यावर सिमेंटची भिंत आहे. 2014 नंतर जलयुक्त शिवार अभियानात त्या आणखी वाढल्या. बंधारा आम्हाला हवाच. बोंडे भरताना विहिरीत पाणी लागते, त्यावर तडजोड नाही. पण बोटभर मासा कमरेएवढी भिंत चढत नाही. तो पायथ्याशी अडकतो आणि तिथेच आम्ही जाळे लावून तो गाभोळीसकट उचलतो. मग पुढच्या वर्षी येणार कोण?

त्याच्या जागी तलावात रोहू-कटल्याचे बीज सोडतात. या जाती साठवणीच्या पाण्यात सहसा वीत नाहीत. म्हणजे हायब्रीड कपाशीसारखेच, बियाणे दर साल विकत! नदी जे फुकट देत होती, त्याचे आम्ही गिऱ्हाईक झालो.

आता मुद्दा. मासा आणि शेतकरी यांचे भांडणच नाही. मासा चढतो पहिल्या पुरात, तेव्हा पाणी वाहूनच जाते. आम्हाला पाणी लागते पावसाळा सरल्यावर. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्याआधी काढायचे आणि ऑक्टोबरात घालायचे, हा नियमच आहे. बरगे तसेच राहिले तर गाळ साचतो, पूर काठ फोडतो आणि मासाही अडतो. एका आळसाचे तीन तोटे.

पक्क्या भिंतीचे काय? पडणारे पाणी पायथा उकरते, म्हणून तिथे दगड भरावेच लागतात. तेच दगड भिंतीच्या माथ्यापासून लांब उताराने रचा. फूटभर उंचीला वीस फूट उतार, मध्ये विसाव्याला मोठे दगड. म्हणजे दोन फुटी भिंतीला चाळीस फूट. पायथा वाचतो आणि माशाला वाट मिळते. उंच भिंतीला कुंडांच्या पायऱ्या लागतील, प्रत्येक पायरी चार बोटांचीच. लाओस देशात मेकाँगकाठच्या भातखाचरांच्या बंधाऱ्यांना अशा वाटा केल्या आहेत.

खोटी आशा दाखवत नाही. खालच्या वाघूर धरणाची भिंत अशा दगडांनी ओलांडता येणार नाही. 1975 साली फरक्का बराज सुरू झाला आणि गंगेतल्या हिलशाची वरची वाट तुटली, ती अजून नीट जुळलेली नाही. मोठ्या भिंतीची चूक मागाहून निस्तरत नाही. नाल्याची निस्तरते.

म्हणून ग्रामसभेत तीन ठराव मांडू. बरगे वेळेवर काढा. नव्या बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकातच दगडी उतार धरा. आणि तिसरा आमच्यासाठी : पहिल्या पुरात बंधाऱ्याखाली जाळे लावायचे नाही.

पेरणीचे बियाणे आम्ही खात नाही. चढणीचा मासा हे नदीचे बियाणे आहे.