प्रथिनातील धातूची ओळख



कुवेतच्या उन्हाळ्यात इन्सुलिनची कुपी जपण्यासाठी आपल्यापैकी कित्येकांच्या घरी फ्रिजमध्ये एक कोपरा राखलेला असतो. त्या इन्सुलिनच्या स्फटिकाची रचना डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने १९६९ साली उलगडली, एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञही त्या गटात होते. इन्सुलिनचे सहा रेणू दोन जस्त-आयनांभोवती एकत्र बांधलेले त्यांना आढळले.

परंतु स्फटिकातील एखादा ठिपका धातूचा, हे ओळखावे कसे? क्ष-किरणांच्या साहाय्याने दिसते ती इलेक्ट्रॉनांची दाटी. जस्त-आयनाजवळ २८ इलेक्ट्रॉन असल्याने तो ठळक उमटतो. पाण्याचा रेणू, सोडियम-आयन व मॅग्नेशियम-आयन या तिघांजवळ मात्र प्रत्येकी दहाच! अशा वेळी संशोधक शेजार तपासतो. भोवती सहा ऑक्सिजन अणू सुमारे २.१ अँगस्ट्रॉमवर असतील, तर बहुधा मॅग्नेशियम, अंतर २.४ असेल, तर सोडियम, २.८ च्या आसपास असेल, तर पाणी. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग!

एवढी काटेकोरता कशासाठी? चुकीचे नाव प्रथिनांच्या जागतिक संग्रहात शिरले, तर त्यावरून औषध बेतणाराही चुकतो. अशा चुका घडल्या आहेत आणि फेरतपासणीत सुधारल्याही गेल्या आहेत. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, छापील नावावर विसंबू नका. अंतर मोजा, शेजार पाहा, मगच मान्य करा.

जय भीम!