नवे औषध लागू पडते आहे, हे कसे ओळखावे?

(आरोग्यविषयक व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजचा विषय सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचा आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच मुलाला हा आजार होतो. हे जनुक १९८९ साली सापडले. पेशीच्या आवरणातून क्लोराइड, म्हणजे मिठातील एक घटक, पलीकडे जाऊ देणारे प्रथिन त्यापासून तयार होते. ते बिघडले की फुफ्फुसातील कफ चिकट होतो, जंतू तेथे ठाण मांडतात, अन्न नीट पचत नाही आणि घाम फार खारट होतो.

पूर्वी कफ मोकळा करणे, जंतूंचा बंदोबस्त करणे आणि पचनाला मदत करणे एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. २०१२ साली अमेरिकेत आयव्हाकॅफ्टरला मान्यता मिळाली. हे औषध बिघडलेल्या प्रथिनालाच कामाला लावते. २०१९ साली तीन औषधांचा एकत्रित उपचार आला; त्याची तेथील किंमत वर्षाला ३ लाख डॉलरहून अधिक होती. एवढे महाग आणि रोज घ्यायचे औषध चालू ठेवावे की नाही, हा निर्णय 'बरे वाटते' एवढ्या बोलण्यावर सोडता येत नाही.

कारण बरे वाटण्याची कारणे अनेक असतात. माणूस बहुधा प्रकृती खालावलेली असताना नवे औषध सुरू करतो. त्यानंतर थोडी सुधारणा आपोआपही होते. ऋतू बदलतो, सोबत प्रतिजैविके चालू असतात, शिवाय आशाही असते. म्हणूनच २०१९ च्या चाचणीत १२ वर्षांवरील ४०३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला औषध, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते, हे रुग्णाला वा डॉक्टरांना ठाऊक नव्हते. २४ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांची श्वासक्षमता दुसऱ्या गटाच्या तुलनेत सरासरी १४ अंकांनी अधिक भरली आणि छातीचा आजार बळावण्याचे प्रसंग ६३ टक्क्यांनी कमी झाले.

परंतु सरासरी म्हणजे आपल्या घरचा रुग्ण नव्हे. जनुकातील दोष अनेक प्रकारचे असतात. एका दोषावर गुणकारी ठरलेले आयव्हाकॅफ्टर, सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोषाच्या दोन प्रती असलेल्या रुग्णांना एकटे दिले तेव्हा म्हणण्यासारखा उपयोग झाला नाही. भारतातील रुग्णांत त्या दोषाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. म्हणून आपल्याकडे आधी जनुकतपासणी, मग औषध.

औषध सुरू करण्यापूर्वीच चार गोष्टींची नोंद करून ठेवावी. पहिली, घामातील क्लोराइड. ते ६० किंवा त्याहून अधिक असणे ही या आजाराची खूण होय. ते उतरले, तर औषध प्रथिनापर्यंत पोचले असे समजावे. मात्र त्यावरून फुफ्फुस किती सुधारेल, हे सांगता येत नाही. दुसरी, जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. कित्येक महिन्यांचे आकडे ओळीने मांडून पाहावेत. तिसरी, वजन. चौथी, वर्षात किती वेळा छाती भरली आणि इस्पितळात जावे लागले. चौथ्या नोंदीला निदान वर्षभराचा धीर हवा.

या आजारात श्वासक्षमता हळूहळू घटतच जाते. म्हणून आकडा वाढला नाही पण घसरणही थांबली, तर तोही लाभच होय.

लाभ दिसत नसेल, तर लगेच औषधाला दोष देऊ नये. गोळ्या चुकतात का आणि त्या स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर घेतल्या जातात का, हे आधी पाहावे. तसे न घेतल्यास त्या अंगात नीट शोषल्या जात नाहीत. यकृताची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी, कारण फायद्याबरोबर अपायाचाही हिशेब ठेवायचा असतो. तसेच नव्या औषधाबरोबर जुने उपचार मनाने बदलू नयेत. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या, तर गुण कशाचा आणि दोष कशाचा, हे कळणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, ही रीत एका आजारापुरती नाही. कोणी कोणत्याही औषधाचा गुण सांगू लागला, तर तीन प्रश्न विचारा: आधी काय मोजले होते? कोणाशी तुलना केली? किती दिवस पाहिले? या प्रश्नांनी रुग्णाची आशा हिरावली जात नाही. उलट त्याचे पैसे, वेळ आणि प्राण योग्य जागी खर्ची पडतात.