टर्मिनलवर चालतं, वेबवर का नाही?



दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल असो की कारखान्याचं उसाचं, त्याचा हिशेब आता संगणकावर होतो. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. सर्व्हर बदलला आणि वेब अॅप्लिकेशनला डेटाबेसशी जोडता येईना, तर त्याची झळ बिलाची वाट पाहणाऱ्या माणसाला बसते. म्हणून अशा बिघाडामागच्या एका कारणावर, शेअर्ड लायब्ररीच्या चुकलेल्या पाथवर, मी आज बोलणार आहे. इथल्या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना हा दोष पहिल्याच नोकरीत भेटतो.

आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात प्रत्येक लेथवाला स्वतःची भट्टी पेटवत नाही. ओतकाम फाउंड्रीतून येतं. लिनक्सवरचे प्रोग्रॅमही डेटाबेसशी बोलण्याचं काम असंच एका सामायिक फाइलीवर, म्हणजे शेअर्ड लायब्ररीवर, सोपवतात. पोस्टग्रेससाठी लिबपीक्यू, मायएसक्यूएलसाठी लिबमायएसक्यूएलक्लायंट, ओरॅकलसाठी लिबक्लन्टश. मेमरी वाचते, आणि सुरक्षेची दुरुस्ती एका जागी केली की सगळ्यांना लागू होते.

ही फाइल शोधणारा डायनॅमिक लिंकर अख्खी डिस्क धुंडाळत बसत नाही. प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेली वाट, एलडी_लायब्ररी_पाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, एलडीकॉन्फिगने तयार केलेली कॅशे आणि ठरावीक सिस्टिम फोल्डर, एवढंच तो पाहतो. त्यामुळे फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘अशी फाइल नाही’ असा संदेश येऊ शकतो.

तो संदेश शेवटपर्यंत वाचा. पीएचपी म्हणतं, ओरॅकलसाठीचं ओसीआय८ हे एक्स्टेन्शन लोड होत नाही. मुलं तेच पुन्हापुन्हा इन्स्टॉल करतात. खरी हरवलेली असते पुढे कंसात लिहिलेली लिबक्लन्टश. कधी तीही सापडते आणि तिला लागणारी लिबएआयओ नसते. एलडीडी ही कमांड चालवली की कोणाचा पत्ता लागत नाही ते ओळीओळीने दिसतं. मात्र अनोळखी फाइलीवर ती चालवू नका, कारण त्या फाइलीतला कोड चालण्याचा धोका असतो.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. आपण टर्मिनल उघडतो तेव्हा बॅशआरसी वाचली जाते आणि तिथे लिहिलेला पाथ आपल्या टर्मिनलला मिळतो. अपाचे हा वेब सर्व्हर मात्र सिस्टिमडी सुरू करतं, वेगळ्या युजरच्या नावाने. आपली बॅशआरसी त्याने कधी वाचलेलीच नसते. प्रॉकमधल्या त्या प्रोसेसच्या एन्व्हायर्न फाइलीत पाहिलं की ती कोणत्या व्हेरिएबलांसह सुरू झाली ते कळतं. अंदाज बांधत रात्र घालवण्यापेक्षा रूट होऊन तिथे डोकावा.

उपाय साधा आहे. ईटीसीमधल्या एलडी.एसओ.कॉन्फ.डी फोल्डरात एक छोटी फाइल करायची, तिच्यात लायब्ररीच्या फोल्डरचा पाथ लिहायचा, रूट म्हणून एलडीकॉन्फिग चालवायचं आणि अपाचे किंवा पीएचपी-एफपीएम रीस्टार्ट करायचं. एलडी_लायब्ररी_पाथ तपासणीपुरतं वापरावं. त्यात चुकून एक कोलन जास्त पडला तर त्या रिकाम्या जागेचा अर्थ ‘चालू फोल्डर’ असा होतो, आणि तिथे कोणी ठेवलेली भलतीच लायब्ररी लोड होऊ शकते.

आणखी एका सवयीची मला मनापासून चीड आहे. प्रोग्रॅम लिबमायएसक्यूएलक्लायंटची १८ क्रमांकाची फाइल मागतो, सर्व्हरवर मायएसक्यूएल ८.० ची २१ क्रमांकाची असते, आणि कोणीतरी १८ च्या नावाने २१ ला सिमलिंक करून मोकळा होतो. लायब्ररीची बाहेरची रचना बदलली, जुन्या प्रोग्रॅमांशी तिचं जमणार नाही, हे सांगण्यासाठीच तो क्रमांक वाढवलेला असतो. अशी जोडणी कधी लगेच कोसळते, कधी काही दिवस चालते आणि ऐन बिलाच्या दिवशी प्रोसेस मरते. तिथे तो प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर पुन्हा कंपाइल करावा, नाहीतर लिनक्स वितरणाचं जुन्या आवृत्तीचं कंपॅटिबिलिटी पॅकेज टाकावं. दोन्हीला सिमलिंकपेक्षा वेळ जास्त लागतो, आणि तो वेळ कार्यालयाने मुलांना द्यायला हवा.