मातीतल्या जंतूचे तेल

श्रोतेहो, थंडीच्या दिवसांत खोबरेल तेल थिजते आणि शेजारचे गोडे तेल मात्र पातळच राहते, हे आपण दरसाल पाहतो. आपण बाटली उन्हात ठेवून मोकळे होतो. पण मातीतल्या जंतूने काय करावे? त्याच्या अंगाभोवतीचा पापुद्रा बनतो तो स्निग्धाम्लांचा, म्हणजे तेलातुपातल्याच घटकांचा. तो थिजला तर आतबाहेरची देवघेव बंद. फार पातळ झाला तर आतले सत्त्व गळून जायचे. दोहींकडून मरणच!

आता 'बॅसिलस सबटिलिस' हा जंतू घ्या. मातीत नि वाळल्या गवतावर हा हमखास सापडतो. हे नाव त्याला १८७२ साली फर्डिनांड कोन यांनी दिले.

स्निग्धाम्ल म्हणजे मुख्यतः कार्बनची साखळी. आपल्या शरीरात ती दोन कार्बनच्या तुकड्यापासून सुरू होते आणि दर खेपेस दोन कार्बन जोडत सरळ वाढते. आपला हा जंतू जोडकाम तसेच करतो. पण आरंभाचा तुकडाच तो फाटा असलेला घेतो. हा तुकडा प्रथिनांतल्या व्हॅलीन, ल्यूसीन आणि आयसोल्यूसीन या अमिनो आम्लांपासून मिळतो. गुरुजी, फळ्यावर मांडून दाखवा: आयसोल्यूसीनपासूनचा तुकडा ५ कार्बनचा, पाच खेपा दोन-दोन जोडले की झाले १५!

फाट्याचा उपयोग काय? कडब्याची सरळ ताटे पेंढीत घट्ट बसतात. बाभळीच्या फांट्यांची मोळी कितीही आवळा, सैलच राहते. पापुद्र्याचेही तसेच. आयसोल्यूसीनच्या साखळीतला फाटा टोकापासून जरा आत असतो, म्हणून ती अधिक सैल बसते. थंडी पडली की जंतू अशाच साखळ्या जास्त करू लागतो. शिवाय तयार साखळीला बाक देणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच्यापाशी असते.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हे विकर नसलेले जंतू ३७ अंशांवरून एकदम १५ अंशांवर नेले. अन्नात आयसोल्यूसीन नव्हते, तेव्हा त्यांची वाढ खुंटली. आयसोल्यूसीन मिळाले, तेव्हा ते थंडीतही वाढू लागले.

शेतकरी बंधूंनो, पालापाचोळा कुजवून त्याची माती करणाऱ्यांत हाही एक गडी आहे. पौषातल्या गारठ्यात शेत निजल्यासारखे दिसते. पण त्या मातीत हा चिमुकला तेली आपला घाणा ऋतूप्रमाणे बदलून चालवीत असतो.