बांध : अडवणारा आणि जोडणारा
(मंगरूळपीर येथील व्याख्यान)



मंगरूळपीरच्या शेतकऱ्याला 'बांध' शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. उतारावरून धावणारे पाणी जो अडवतो आणि काळी माती राखतो, तो बांध. या शब्दाचे मूळ संस्कृत 'बन्ध्' धातूत आहे. बंधारा, बंधन, निर्बंध ही त्याचीच भावंडे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'कायदा' या शब्दासाठी सुचवलेला 'निर्बंध' हाही याच कुळातला.

अडवणे म्हणजे कोंडणे नव्हे. २०१४ साली सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाचे सूत्रही पाणी अडवून ते जमिनीत जिरवण्याचेच होते. जादा पाण्याला सांडवा नसेल, तर बंधारा फुटतो. मनाचेही तसेच. राग नुसता कोंडला, की संयमाचा बांध फुटतो. विवेकाने जिरवला, तर त्याचेच बळ होते.

बांध कोरला जातो तो मात्र लोभाने. वीतभर मातीसाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. 'बंधू' हा शब्दही 'बन्ध्' धातूतूनच आला, याचा तेथे विसर पडतो. पावसाळ्यापूर्वी प्रत्येकाने आपला बांध पाहावा. शेजाऱ्याची माती आपल्याकडे आली असेल, तर ती आधी परत करावी. समाजसंघटनेचा आरंभ तेथूनच होतो.